बेंड म्हणजे मींड का? गिटारवाल्यांच्या एका शब्दाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक वाचक ब्लूज आणि रॉक गिटारवाल्यांवर मराठीत लिहितायत, बी. बी. किंग, अल्बर्ट किंग, क्लॅप्टन, हेन्ड्रिक्स वगैरे, आणि दर दोन परिच्छेदांनी त्यांना एकच शब्द अडवतो, बेंड, म्हणजे दाबलेली तार आडवी ढकलून किंवा ओढून स्वर चढवणं. आधी त्यांनी 'किंगने स्वर वाकवला' असं लिहिलं, ते कसंतरीच वाटलं म्हणून 'मींड घेतली' केलं, तर गिटार वाजवणारा एक मित्र म्हणाला की मींड हा आपल्या रागसंगीतातला शब्द, तो तिकडे चिकटवू नकोस, सरळ बेंड लिही. तर बरोबर काय? आणि जाता जाता त्यांनी 'स्लाइड'चंही विचारलंय.

माझ्या हातात आधी सतार आली, मिरजेच्या एका कारागिराची, आणि गिटार फार उशिरा, मुलगा शिकायला लागला तेव्हा. त्यामुळे हा प्रश्न वाचल्यावर राहवलंच नाही.

पहिल्यांदा 'वाकवला' बाजूला काढू. मराठीत पत्रा वाकतो, खिळा वाकतो, छत्रीची काडी वाकते, आणि एकदा वाकली की ती आपोआप सरळ होत नाही, ठोकून करावी लागते. तार वाकली म्हटलं की मला खुंटीपाशी मुरगळलेली, टाकून द्यायची तार दिसते. गिटारवर तसं काहीच होत नाही, बोट सैल केलं की तार आपल्या जागी. तार आपण ताणतो, ओढतो, खेचतो. सतार शिकवताना आमच्या बाई 'अजून ओढ, पोचली नाहीस' एवढंच म्हणायच्या, वाकव असं कधीच नाही. आणि स्वर तर चढतो, उतरतो, लागतो, हलतो, ढळतो, पण वाकत नाही हो. इंग्रजीत नोट बेंड करतात म्हणून मराठीत स्वराला वाकवायची काही गरज नाही.

आता मींड. एका स्वरावरून दुसऱ्यावर मध्ये कुठेही आवाज न तुटता जाणं म्हणजे मींड. ती गळ्यातून घ्या, सारंगीवर घ्या, बासरीवर घ्या, मींड ती मींडच. सतारीवर ती तार आडवी ओढून येते, सरोदला पडदेच नाहीत त्यामुळे तिथे नख तारेवरून सरकवून येते, तरी दोन्हीकडे शब्द एकच. म्हणजे मींड हा शब्द कानाला काय ऐकू आलं ते सांगतो, हातानं काय केलं ते सांगत नाही. बेंडचं नेमकं उलटं आहे, तो हातानं काय केलं ते सांगतो. सगळा घोळ इथे आहे, आणि तुमचा मित्र म्हणूनच अर्धा बरोबर आणि अर्धा चूक. मींड फक्त रागसंगीताची मालमत्ता आहे असं मला अजिबात वाटत नाही, पण प्रत्येक बेंडच्या जागी डोळे मिटून मींड बसवली तर हात दिसेनासा होतो, आणि ब्लूज गिटारवाल्याबद्दल लिहिताना हात दिसलाच पाहिजे.

बरं, आपल्याकडे हाताचे शब्द नाहीत असंही नाही. गिटारवाले ज्याला प्री-बेंड म्हणतात, म्हणजे आवाज न करता तार आधीच खेचून ठेवायची, मग छेडायची आणि सावकाश सोडत स्वर खाली आणायचा, त्याला सतारीत विलोम मींड म्हणतात. आधी छेडून मग खेचली, स्वर खालून वर गेला, की अनुलोम. विलोम भयंकर अवघड, कारण तार मुकी असताना ती किती खेचायची हे कान सांगत नाही, बोटालाच माहीत असावं लागतं, आणि छेडल्यावर कमी पडली की सगळ्यांना कळतं. मुलगा प्री-बेंड घोटत होता तेव्हा मी त्याला हे सांगितलं, तर त्याला खरंच वाटेना की त्याच्या त्या अडचणीला आपल्याकडे आधीपासून नाव आहे. तसंच हॅमर-ऑनच्या, म्हणजे बोट तारेवर आपटून स्वर काढण्याच्या, जवळ जमजमा आणि पुल-ऑफच्या, म्हणजे बोट झटकून काढून स्वर काढण्याच्या, जवळ कृंतन, पण त्या वाटेला आज जात नाही.

मी त्याची गिटार पहिल्यांदा घेतली तेव्हा काय झालं सांगते. सवयीनं मी सगळ्यात बारीक तार खाली ओढली, आणि ती फ्रेटबोर्डच्या, म्हणजे पडदे बसवलेल्या पट्टीच्या, कडेवरून सुटून बाहेरच गेली, खट्ट आवाज करून. सतारीत बाजाची म्हणजे मुख्य तार खालीच ओढायची असते, पडदा रुंद आणि कमानीसारखा, ओढायला ऐसपैस जागा, एकाच पडद्यावर पाच स्वरांपर्यंत मींड घेतात. गिटारीचे पडदे जेमतेम मिलिमीटरभर उंच, सहा तारा खेटून, बारीक तार अगदी काठावर. 'आई, वर ढकल, वर!' म्हणून पोरगं ओरडायला लागलं. मग त्यानं दाखवलं, अनामिका तारेवर, मागे आधाराला मधलं बोट आणि पहिलं बोट, अंगठा दांडीच्या वरून अडकवलेला, आणि बोटं नुसती ढकलायची नाहीत तर कुलपात किल्ली फिरवावी तसं मनगट फिरवायचं. तार वर जाते आणि शेजारची तार नखाखाली शिरते. दोन दिवस माझी नखं दुखत होती.

बारीक तारा खाली ओढणारे गिटारवाले फार थोडे, आणि त्यातला सगळ्यात मोठा अल्बर्ट किंग, १९२३ ते १९९२. हा डावखुरा, आणि उजव्या हाताची गिटार तारा तशाच ठेवून उलटी धरायचा, त्यामुळे जाड तारा खाली आणि बारीक तारा वर, आणि त्या तो स्वतःकडे, तळहाताकडे ओढायचा. माणूस सहा फुटांहून चांगलाच उंच, पंजा मोठा, तारा नेहमीपेक्षा उतरवून लावलेल्या, आणि ढकलण्यापेक्षा ओढण्यात हाताला जोर जास्त येतो हे कुणीही करून पाहावं. १९६७ सालचा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' ऐका, मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचा, एका जागेवरून तार निघते आणि चढत चढत जाते, थांबेल वाटतं तिथे थांबत नाही. मला तो ऐकताना दर वेळी सतारीचा हात आठवतो आणि आता कळतं का, दोघंही तार खालीच ओढतायत. हेन्ड्रिक्सही डावखुरा, पण त्यानं गिटार उलटी करून तारा क्रमानं लावून घेतल्या होत्या, त्यामुळे त्याची बारीक तार इतरांसारखी खालीच आणि तो ती वर ढकलायचा. नंतरच्या पिढीतला ब्लूज गिटारवाला स्टीव्ही रे व्हॉन अल्बर्टच्या वाजवण्यावरच वाढला, १९८३ साली कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये दोघं टीव्हीसाठी एकत्र वाजवले ते जरूर बघा, एक वर ढकलतोय, एक खाली ओढतोय आणि दोघांतून निघतंय तेच.

अशा माणसाबद्दल लिहिताना 'मींड घेतली' एवढ्यानं भागत नाही, तिथे 'तार ओढली', 'तार खेचली' हेच हवं. हे जोराचं काम आहे. एक पूर्ण स्वर चढवायचा तर तारेचा ताण साधारण सव्वापट करावा लागतो, दीड स्वर चढवायचा तर १.४ पट. आणि तारांच्या जुन्या संचात तिसरी तार वरून वेटोळं गुंडाळलेली यायची, ती तर हलायलाच तयार नसायची, म्हणून काही वादक बँजोची बारीक तार पहिल्या जागी लावून बाकीच्या एकेक घर सरकवायचे. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात अर्नी बॉलनं बारीक तारांचे तयार संच विकायला काढले आणि मग हे सोपं झालं. व्हॉन मात्र उलट्या दिशेनं गेला, जाडजूड तारा लावायचा आणि अर्धा स्वर उतरवून, म्हणून त्याचा आवाज असा भरीव.

बारीक तारेचा तोटा म्हणजे खेचताना तुटते. क्लॅप्टनचं 'स्लोहँड' हे टोपणनाव यातूनच आलेलं आहे. यार्डबर्ड्स ह्या बँडमध्ये असताना तो स्टेजवर तार तुटली की तिथेच नवी लावत बसायचा आणि लोक तोवर एका लयीत संथ टाळ्या वाजवत राहायचे, इंग्लंडात ती पद्धतच आहे, त्या टाळ्यांवरून मॅनेजर गोमेल्स्कीनं हे नाव पाडलं. तुमच्या मजकुरात 'संथ हाताचा वादक' असं काही असेल तर काढून टाका, हात संथ नव्हताच, टाळ्या संथ होत्या. टोपणनाव आहे तसंच ठेवा आणि एका वाक्यात गोष्ट सांगा.

आता स्लाइड. १९०३ च्या सुमाराला मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर डब्ल्यू. सी. हँडी हा बँडमास्तर गाडीची वाट बघत होता, तिथे एक माणूस तारांवर सुरी दाबून गिटार वाजवत होता, हे हँडीनंच नंतर लिहून ठेवलंय. पुढे सुरीच्या जागी बाटलीची मान आली, धातूची नळी आली, रॉक गिटारवाला ड्वेन ऑलमनच्या बोटात तर औषधाची छोटी काचेची बाटली असायची. ह्यात तार खेचत नाहीत, तारेवरून काहीतरी सरकवतात. आपल्याकडे विचित्र वीणेवर काचेचा गोळा असाच सरकवतात, त्याला बट्टा म्हणतात. म्हणजे वस्तूला बट्टा म्हणता येईल, क्रियेला घसीट म्हणता येईल, आणि ऐकू येते ती परत मींडच. पण खरं सांगू का, बट्टा शब्द वीणा माहीत असलेल्यालाच कळणार, सर्वसाधारण वाचकासाठी 'बोटात घातलेली काचेची नळी' असं एकदा लिहून पुढे स्लाइड म्हटलं तर काही बिघडत नाही.

खेच आणि घसीट ह्या दोघींचं नातं मात्र बी. बी. किंगच्या आयुष्यात जुळतं, आणि ते तुमच्या लेखात यायलाच हवं. १९४६ मध्ये हा वीस-एकवीस वर्षांचा पोरगा मेम्फिसला आला आणि आईच्या नात्यातल्या बुक्का व्हाइटकडे राहिला, बुक्का स्लाइडमध्ये तरबेज. किंगला ती रडवेली आस हवी होती पण नळी काही केल्या त्याच्या हाताला जमेना, हे तो स्वतःच सांगायचा. मग तो नुसत्या बोटांनी तसा आवाज काढायच्या मागे लागला, तार खेचायची आणि पोचल्यावर हात थरथरवायचा, अंगठा दांडीवरून सुटलेला, पंजा फुलपाखरासारखा. म्हणजे किंगचं खेचणं हे घसिटीचा आवाज मिळवण्यासाठी होतं आणि घसीट गळ्याच्या जवळ जाण्यासाठी होती. सतारीत गायकी अंग म्हणतात, म्हणजे गळ्यासारखं वाजवणं, ते वेगळं काय असतं? म्हणून किंगच्या बाबतीत मींड हा शब्द मला उसना वाटत नाही.

एक सावधगिरी सांगते. आपल्या मींडेला पोचायचं ठिकाण असतं, सा वरून रे म्हटलं की रे लागलाच पाहिजे. ब्लूजमध्ये पुष्कळदा तार अर्धवट सोडतात, मुद्दाम. कोमल गांधार वाजवून किंचित वर खेचायचा, शुद्ध गांधारापर्यंत न्यायचाच नाही, मधल्या फटीत धरायचा, आणि खाली कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या साथीच्या स्वरांत, शुद्ध गांधार वाजतोच आहे, त्या दोघांच्या घासण्यातून जी बेचैनी येते तोच ब्लूजचा जीव. बरेच जण इथे लगेच दरबारी रागातल्या गांधाराचं नाव घेतात. नका घेऊ. दरबारीचा गांधार कोमलाच्याही खाली, ऋषभाकडे झुकतो, हा वर शुद्धाकडे झुकतो, दिशाच उलटी. जोग रागात दोन्ही गांधार येतात खरे पण आपापल्या जागी सुटे सुटे, फटीत कुणी राहत नाही. तसंच किंगच्या थरथरीला आंदोलन म्हणू नका, आंदोलन संथ असतं, झोका असतो तो. किंगचा हात फडफडतो, तिथे मी कंप लिहीन.

लिहायच्या पद्धतीतही हा फरक दिसतो. भातखंडे पद्धतीत मींड दाखवायला दोन स्वरांच्या डोक्यावर कमान काढतात, इथून तिथे जा. गिटारच्या टॅबमध्ये, म्हणजे कोणत्या तारेवर कुठे दाबायचं ते आकड्यांनी दाखवणाऱ्या लिपीत, एका आकड्यावरून बाण वर जातो आणि बाणावर लिहिलेलं असतं किती, पूर्ण, अर्धा, पाव. पाव म्हणजे तीच फट.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'किंगनं कोमल गांधारावर तार खेचली, शुद्ध गांधाराच्या जरा अलीकडे धरली आणि तिथेच कंप देत राहिला.' लांब आहे, चालेल, तो स्वरही लांबच आहे. जिथे एका स्वरावरून दुसऱ्यावर पूर्ण पोचतो तिथे बिनधास्त 'मींड घेतली' म्हणा, आणि मींडमधली मी दीर्घ. दोन गिटारवाले आपसात बोलतायत असा प्रसंग असेल तर 'काय बेंड मारलाय!' हेच ठेवा, कारण ते तसंच बोलतात, माझ्या घरात रोज ऐकते मी.