गोळ्या सुरू केल्या तर केसमध्ये लागेल का?

"मॅडम, गोळ्या सुरू केल्या म्हणजे कागदावर तो वेडा लागणार. उद्या नोकरीला उभा राहिला तर?" निरीक्षण गृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांना प्रकरण चालू असताना ठेवतात तिथे, मुलगा असलेल्या आया समुपदेशक म्हणून मला हे हमखास विचारतात. वडिलांचा प्रश्न थोडा वेगळा असतो: त्याने तुम्हाला सांगितलेलं कोर्टात जाणार का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. "काळजी करू नका" म्हणून ते टोलवता येत नाहीत.

ज्या ताईंमुळे हे लिहायला घेतलं, त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दुचाकीचोरीची केस. निरीक्षण गृहात आल्यापासून रोज रात्री मारामारी, तीही एकाच कारणावरून: झोपायला दाराजवळचीच जागा हवी. काळजीवाहकांच्या मते ही दादागिरी.

मी त्याला चोरीबद्दल काहीच विचारलं नाही. प्रकरण चालू असताना समुपदेशकाने तपास अधिकारी व्हायचं नसतं. झोपेबद्दल विचारलं. घरी तो दाराशीच झोपायचा. वडील पिऊन आले की आईच्या आधी आपण उठायचं, हे त्याने लहानपणीच ठरवून टाकलं होतं. इथेही त्याचा तो पहारा चालूच होता. जराशा आवाजाला दचकायचा, कोणी मागून आलं की आधी हात उचलायचा. या वयात नैराश्यही पुष्कळदा रडण्यातून नाही, चिडचिडीतून दिसतं. त्यात नशा अचानक सुटलेली असेल तर विचारूच नका. बाहेरून सगळं 'मस्ती'च वाटतं.

पहिला उपाय गोळीचा नव्हताच. अधीक्षकांशी बोलून त्याला दाराजवळची जागा दिली. भांडणं थांबली नाहीत, पण रोजची राहिली नाहीत. मग मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून औषध दिलं, झोप बसली, आणि तेव्हा कुठे आमचं काम सुरू झालं. हात उठण्याआधी जबडा आवळतो, कान तापतात, हे त्याचं त्यानेच शोधलं. तेवढ्यात तिथून बाजूला व्हायचं, हा सराव. कंटाळवाणा असतो, पण उपयोगी पडतो.

आता ताईंचा प्रश्न. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधल्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि प्रकरण चालू असो वा निकाली निघालेलं, चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांना ती नोंद देता येत नाही. अशा मुलांची प्रकरणं चालतात त्या बाल न्याय मंडळापुढचे अहवाल कलम ९९ नुसार गोपनीय असतात. उपचार घेणं म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. उलट समुपदेशन, व्यसनमुक्ती, उपचार यांचे आदेश देण्याचा अधिकार कायद्यानेच मंडळाला दिला आहे.

पण सगळंच गुपित राहतं असं मी कोणत्याही आईला सांगत नाही. जिवाला धोका दिसला, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, तर मला बोलावं लागतं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. आणि सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलावर किमान सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय अधिनियमाच्याच कलम १५ खाली प्राथमिक मूल्यांकन होतं, म्हणजे त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का हे ठरवण्यासाठीची तपासणी. ते मंडळासाठीच असतं, तो उपचार नव्हे. माझ्या मते उपचार करणाऱ्याने ते करूच नये. मूल कोणापुढे मन मोकळं करतंय, हे त्याला आधी ठाऊक हवं. समोरच्या माणसाला पालकांनी बेलाशक विचारावं: तुम्ही उपचारासाठी आलात की अहवालासाठी?

खरी अडचण वेगळीच आहे. जामीन होतो, मूल घरी जातं आणि उपचार तिथेच सुटतात. या मुलाचंही तेच व्हायच्या बेतात होतं. "आता बाहेर आला, आता कशाला गोळ्या?" असं मामा म्हणाले. बाहेर पडताना औषधाची चिठ्ठी, उरलेल्या गोळ्या आणि जिल्हा रुग्णालयातली पुढची तारीख मागून घ्या. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत.

त्याची केस अजून चालू आहे. तो येतो, कधी दांडी मारतो, मग परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, मुलावर देखरेख ठेवणारे) घरी फोन लावतात. वडिलांचं पिणं सुटलेलं नाही. त्यामुळे सध्या तो मामांकडे राहतो, आणि आमच्या बैठकांना हल्ली मामाही येऊन बसतात.