पाणी तर वाहतंच, मग सिद्ध काय करायचं?

प्रश्न : माझी मुलगी गणितात पीएच.डी. करते. विषय : द्रव आणि द्रव-स्फटिक यांच्या प्रवाहाच्या समीकरणांच्या उकलींचा गुळगुळीतपणा. ती समजावते, पण डोक्यावरून जातं. पाणी तर वाहतंच, मग त्यात सिद्ध काय करायचं? – एक आई, खारघर

उत्तर : ताई, संध्याकाळी मी ठाण्यात तलावपाळीला फेरी मारते. बोट पुढे गेली की वल्ह्यामागे भोवरा उठतो. त्यातून लहान भोवरे, त्यांतून आणखी बारके, आणि शेवटी पाण्याचा चिकटपणा सगळ्यांना निववतो. नाव्हिए (1822) आणि स्टोक्स (1845) यांचं समीकरण ही हालचाल क्षणाक्षणाने सांगतं. पण चिकटपणा निववेपर्यंत सगळा जोर एका ठिपक्यात गोळा झाला आणि तिथला वेग अनंताकडे गेला तर? तसं होत नसेल तर उकल गुळगुळीत. होत असेल तर त्या क्षणापुढे समीकरणावर विसंबता येत नाही. सपाट, दोन मितींतल्या प्रवाहात असं होत नाही, हे ओल्गा लादिझेन्स्काया यांनी दाखवलं. तीन मितींत मात्र प्रश्न उभाच आहे. सन 2000 पासून त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे.

आता द्रव-स्फटिक. घरात जुना कॅल्क्युलेटर असेल तर काचेवर अंगठा हलकेच दाबा. काळसर डाग पसरेल, बोट उचललं की मिटेल. काचेआड द्रव-स्फटिक असतो : वाहतो द्रवासारखा, पण त्यातले काडीसारखे रेणू स्फटिकासारखे शिस्तीत उभे असतात. तुमच्या दाबाने द्रव सरकतो, काड्या वळतात, आणि वळणाऱ्या काड्या उलट द्रवालाच ओढतात. असा पदार्थ 1888 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रायनिट्झर यांना भेटला. 145.5 अंशांना वितळून गढूळ, 178.5 अंशांना नितळ! मधली गढूळ अवस्था म्हणजेच द्रव-स्फटिक. त्याच्या प्रवाहाची समीकरणं एरिकसेन आणि लेस्ली यांनी 1960 च्या दशकात मांडली.

मला सगळ्यात भिडतं ते इथलं. इथे वेगाबरोबर दिशाही सांभाळायची असते. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरचा भोवरा आठवा. मधोमध केस कुठल्या बाजूला वळलेत, सांगताच येत नाही. काड्यांचंही वळण असं एका ठिपक्यात आवळत जाऊ शकतं. पाण्याला सपाटात अभय आहे, द्रव-स्फटिकाला तेही नाही. लिन, लिन आणि वांग या गणितज्ञांनी 2010 मध्ये या समीकरणांच्या सोप्या रूपासाठी दाखवलं, की सपाटात उकल मिळते आणि मोजके क्षण सोडले तर ती गुळगुळीत असते. पुढे इतरांनी असा तुटण्याचा क्षण खरोखर येतो, हेही दाखवलं. म्हणजे प्रश्न उरतो तो तुटतं कुठे, किती वेळा आणि तुटल्यावर उकल पुढे कशी न्यायची, याचा. लेकीची वर्षं त्यातच जात असणार, आणि ती वाया जात नाहीत, हे मनापासून सांगते.

आता ती घरी आली की एवढंच विचारा : “तुझं काम सपाटातलं की तीन मितींतलं?” मग चहा ठेवा आणि तिला बोलू द्या.