स्वीडनची निंबस २६ ही जुनी मोटरबोट क्लासिक का मानतात? तिचं डिझाइन कोणी आणि कसं केलं?

डिझाइन पेले पेटरसनचं. १९६८ साली गोथेनबर्गजवळ लाँगेद्रागला निंबस ही बोटी बांधणारी कंपनी सुरू झाली, ही कंपनीची पहिलीच बोट, २६ फुटी, फायबरची. एवढं कुठेही सापडेल, पण 'कोणी केलं' हे तुम्ही विचारलंत आणि ते मला नेमकं दुखऱ्या जागी लागलं म्हणून लिहायला बसलोय, लांबेल.

पेटरसन म्हणजे ज्याने वोल्वोची पी १८०० गाडी डिझाइन केली तोच. १९५७ ची गोष्ट, पोरगा पंचविशीतला, इटलीत तुरिनला फ्रुआ या गाड्यांच्या डिझायनरच्या स्टुडिओत कामाला. वोल्वोचे प्रमुख गुन्नार एंगेलाऊ यांना इटालियन डिझाइन हवं होतं. पेलेचे वडील वोल्वोचे सल्लागार, त्यांनी इटालियन स्टुडिओंच्या प्रस्तावांत मुलाचंही एक सरकवलं आणि साहेबांनी नेमकं तेच उचललं. पण नाव चाललं फ्रुआचं. पेलेला अधिकृत श्रेय मिळालं २००९ मध्ये. पन्नास वर्षं लागली!

माझं सांगतो. मी दापोलीकडचा, फायबर बोटींच्या एका कारखान्यात सात वर्षं ड्रॉइंगला होतो. एक २८ फुटी लाँच, म्हणजे प्रवासी मोटरबोट, बांधायची होती, केबिन माझ्याकडे आली. पहिल्या ड्रॉइंगमध्ये मी केबिनला मागून एकच दार दिलं होतं, दिसायला छान. हर्णैच्या एका तांडेलांना, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्यांना, दाखवलं तर ते म्हणाले, अरे धक्क्याला लावताना मी सुकाणू सोडून मागून वळसा घालून दोर टाकायला जाणार, तोवर ओहोटीने बोट कुठे गेलेली असेल? मग दीड महिना त्यांच्याबरोबर पहाटे समुद्रावर गेलो, बसून डोळे किती उंचीवर येतात, नाळ (बोटीचं पुढचं टोक) दिसते का, हात दोरापर्यंत पोचतो का, सगळं टेपने मोजलं, घरी प्लायवूडची खरी मापाची केबिन ठोकली, आई त्यात लसूण सोलत बसायची. दोन्ही बाजूंना सरकती दारं दिली, काच पुढे कलती केली. साचा एकदा तयार झाला की फायबरमध्ये काही हलवता येत नाही, म्हणून ही सगळी मरमर आधी करावी लागते. आणि बोट गिऱ्हाइकाला दाखवायच्या दिवशी ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत नाव एका परदेशी कन्सल्टंटचं! त्याने काचेच्या रंगाबद्दल दोन ईमेल पाठवले होते, बाकी काही नाही. मालक म्हणाले, बाहेरचं नाव असलं की भाव मिळतो. मी गप्प बसलो, त्याचा आजही त्रास होतो.

माझा आतेभाऊ, आमचा दादा, तेव्हापासून एकच म्हणतो, नावाचं काय घेऊन बसलास, पगार मिळाला ना. दादा, पगार कामाचा मिळतो, नाव जबाबदारीचं असतं. उद्या ती लाँच कलंडली असती तर लोकांनी मलाच शोधलं असतं.

तर क्लासिक का. नोकरीनिमित्त दोन वर्षं गोथेनबर्गला होतो, शेजारच्या आजोबांकडे निंबस २६ होती. एप्रिलमध्ये त्यांच्याबरोबर तळ खरवडला, रंग लावला, मेमध्ये पाण्यात सोडली. त्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर, आपल्यासारखा दोन-तीन मीटर नाही, त्यामुळे लोक मागून नांगर टाकतात, नाळ सरळ खडकाला भिडवतात आणि पुढून उडी मारून उतरतात. कोणाच्या घराजवळ किंवा संरक्षित जागी नसेल तर असं एखादी रात्र थांबायचा हक्क तिथे सगळ्यांना आहे. म्हणजे एकट्या माणसाला सुकाणूवरून पुढे चटकन जाता आलं पाहिजे, पुढचा डेक पायाखाली पक्का हवा, केबिनमधून चौफेर दिसलं पाहिजे आणि उन्हाळ्यातसुद्धा थंडी असते म्हणून डोक्यावर छप्पर हवं. हे खुर्चीत बसून कळत नाही. पेटरसन स्वतः शिडाच्या बोटीतला खेळाडू, १९६४ च्या ऑलिम्पिकमध्ये स्टार या दोघांच्या शिडाच्या बोटीच्या वर्गात ब्राँझ आणि १९७२ ला सिल्व्हर. ज्याचं बूड ओलं झालंय त्यालाच बोट काढता येते असं माझं स्पष्ट मत आहे, आणि निंबसमध्ये पहिल्यांदा बसलो तेव्हा मला हर्णैचे तांडेल आठवले.

वेगाबद्दल कोणी नाक मुरडलं तर ऐकू नका. अशा बोटीचा सहज वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवरून काढतात: लांबी २३ फूट धरा, वर्गमूळ ४.८, त्याला १.३४ ने गुणा, साधारण साडेसहा नॉट, म्हणजे ताशी बाराएक किलोमीटर. त्याच्या पुढे बोट स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते, मागून बसते, डिझेल पिते. निंबस त्याच्या थोडी वर आरामात जाते, पण स्पीडबोट नव्हे. मोठं इंजिन टाकून तिला पळवणं म्हणजे तिचं वाटोळं करणं.

हां, घ्यायचा विचार असेल तर आधी तळाला फोड आलेत का आणि डेक कुठे मऊ लागतोय का ते नीट बघा, पन्नास वर्षांचं फायबर आहे. शिवाय मी एकाच निंबसवर फिरलोय, त्यामुळे प्रत्येक बोट तशीच चालेल असं नाही. आणि तुम्ही स्वतः डिझाइनमध्ये असाल तर ड्रॉइंग हातातून सोडण्याआधी त्या चौकटीत नाव आणि तारीख घाला, एक कॉपी घरी ठेवा. माझी त्या लाँचची पेन्सिलची ड्रॉइंग्ज आईच्या ट्रंकेत आहेत, दारांच्या मापांशेजारी तांडेलांचं नाव लिहिलेलं आहे. दादा, गणपतीत घरी आलास की दाखवतो.