दोरी मनगटावर फटकतेय

प्रश्न : मी दादरला राहतो, ६२ इंची लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घेतलाय. नवीन डॅक्रॉन (पॉलिएस्टर धाग्याची) दोरी लावली तर बाण सोडताना खणखण आवाज येतो नि मनगटावर फटका बसतो. धनुष्य खराब आहे का?

उत्तर : अहो नाही, आधी ब्रेस हाइट मोजा, म्हणजे ग्रिपच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर. तुमच्या मापाला साधारण ७.५ ते ८.५ इंच चालतं, पण बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच धरा. डॅक्रॉन सुरुवातीला ताणते, अंतर कमी होतं, मग फटके बसतात. स्ट्रिंगरने (धनुष्य वाकवून दोरी चढवा-उतरवायच्या दोराने) दोरी उतरवा, आहे त्याच दिशेने ३-४ पीळ द्या म्हणजे दोरी आखूड होऊन अंतर वाढेल, परत चढवून पाच-सहा बाण मारा आणि कान देऊन ऐका. असं थोडं थोडं करत जा, जिथे आवाज सगळ्यात कमी तेच तुमचं माप. बाण न लावता दोरी सोडून बघू नका, प्लीज!