कोडाबद्दल (अंगावरचे पांढरे डाग, व्हिटिलिगो) पहिला व्हिडिओ करतेयस? आधी एवढंच बघ

अगं, बोलायचं ठरवलंस हेच भारी आहे, मनापासून सांगते. रिंग लाइट, माइक, एडिटिंग अ‍ॅप सगळं आत्ता सोड. अमेरिकेतल्या बर्कलेच्या स्टोरीसेंटर या संस्थेने १९९० च्या दशकापासून शिकवलेली डिजिटल स्टोरीटेलिंगची पद्धत नवख्यांना सगळ्यात सोपी पडते, म्हणजे दोन-तीन मिनिटं, स्वतःचा आवाज आणि घरातले मोजके फोटो, बस. चेहरा दाखवायलाच पाहिजे असं काही नाही, नुसते हात दिसले तरी चालतं.

गोष्ट एकाच प्रसंगाची घे. पहिला डाग दिसला तिथपासून आजपर्यंत सगळं सांगायला गेलीस की ऐकणारा हरवतो, आणि सुरुवातीला जवळपास सगळे हेच करतात.

बाकी:
- फोटोत आई, बहीण असेल तर आधी त्यांना विचार. लग्नाच्या बोलण्यात कोडाचा विषय अजून निघतो, त्यांच्या वतीने तू ठरवू नकोस.
- आधी दोन-चार विश्वासातल्या माणसांना दाखव. व्हॉट्सअ‍ॅपवर एकदा फिरला की परत घेता येत नाही.
- औषधाचं नाव, डोस सांगू नकोस. कोड स्पर्शाने पसरत नाही हे मात्र ठणकावून सांग.

कमेंटमध्ये लेप-काढे विकणारे येतीलच, उत्तर न देता सरळ ब्लॉक. पुण्यात श्वेता असोसिएशन कोड असलेल्यांसाठीच काम करते, त्यांच्याशी जरूर बोल. आणि २५ जूनला व्हिटिलिगो दिन आहे म्हणून त्याच दिवशी टाकायचा अशी घाई नको, तयार नसशील तर पुढच्या वर्षी टाक.