यम यमुनेकडे जेवायला गेला होता

नागपूरहून आलेले तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. या भाऊबीजेला धाकट्या बहिणीने बरे वाटत नसल्याचे सांगून येण्याचे टाळले आणि तुम्ही मुलाबरोबर पाठवलेले पाच हजारांचे पाकीट न उघडता त्याच्याच हाती परत केले, यात तुमचे काय चुकले, असा तुमचा प्रश्न आहे. तिला कधी काही कमी पडू दिले नाही, हेही तुम्ही तीन ठिकाणी लिहिले आहे.

मी मात्र दुसऱ्या पानावर कंसात लिहिलेल्या एका वाक्यापाशी थांबले. ‘तिचे घर चितारओळीत, दोनच खोल्यांचे, गल्लीत गाडी लागत नाही, म्हणून सात वर्षांपासून भाऊबीज आम्ही धरमपेठेत आमच्याकडेच करतो.’

अहो, ज्या दिवशी भावाने बहिणीच्या दारी जायचे, त्याच दिवशी तुम्ही सात वर्षे तिला आपल्या दारी बोलावत आलात! कार्तिक शुद्ध द्वितीयेला यमद्वितीया म्हणतात ती यम यमुनेच्या घरी जेवायला गेला म्हणून. या दिवशी पुरुषाने स्वतःच्या घरी न जेवता बहिणीच्या हातचे खावे, असे धर्मशास्त्रानेही सांगून ठेवले आहे. राखीला बहीण भावाकडे येते, तिथे तुमचा पाहुणचार शोभतो. भाऊबीजेला पाट तिचा, रांगोळी तिची, ताटात काय वाढायचे तेही तिनेच ठरवायचे. वर्षातून एवढा एकच दिवस तिच्या वाट्याचा होता आणि तोही तुम्ही पार्किंगच्या नावाखाली काढून घेतलात.

केटररने काय काय दिले, याची यादी तुम्ही हौसेने दिली आहे. त्याच ओघात लिहून गेलात की, ती ‘उगाच’ सांबारवडी करून आणते आणि कोणी फारशी खात नाही. सांबार (पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी, कोथिंबीर) निवडायचा, धुऊन कोरडा करायचा, खसखस-खोबऱ्याचे सारण भाजायचे, पारीला चिंचेचे पाणी लावून एकेक वडी हाताने वळायची, तळायची, आणि रात्री तोच डबा जवळजवळ भरलेला घेऊन परत जायचे. त्या ‘उगाच’चा मला राग आला आहे, आणि तो लपवण्याची मला गरज वाटत नाही.

पुढच्या दिवाळीची वाट पाहू नका. ‘रविवारी तुझ्याकडे जेवायला येतो,’ एवढाच फोन करा. शंकरनगरहून मेट्रोत बसा आणि चितारओळी चौकात उतरा, म्हणजे गाडी लावण्याचा प्रश्नच उरणार नाही. पाकीट नेऊ नका आणि परत आलेल्या पाकिटाचा विषयही काढू नका. सकाळपासून काही न खाता जा. तिने पाट मांडला तर पाटावर, सतरंजी टाकली तर सतरंजीवर बसा, आणि सांबारवडी समोर आली की दुसऱ्यांदा मागून घ्या.