गुरखा, गुराखी आणि गोरख

प्रश्न असा आलाय की 'गुरखा' हा शब्द आपल्या 'गुराखी'वरून आलाय का, आणि गुरखा म्हणजेच नेपाळी ना?

वॉचमन हा अर्थ सोडून देतो, तो सगळ्यांना माहितीये. पण "आमचा गुरखा" ऐकलं की माझं डोकं तापतं. आमच्या बिल्डिंगमध्ये रात्री जो असतो त्याला सगळे गुरखा म्हणतात. तो आहे तामांग, नेपाळातल्या डोंगराळ भागातल्या एका जमातीचा. आईशी फोनवर बोलतो ती तामांग भाषा, तिबेटीच्या कुळातली, नेपाळीशी तिचं नातं नाही. धर्माने बौद्ध. नेपाळी तो शाळेत शिकला, हिंदी इथे येऊन. 1854 च्या मुलुकी ऐनमध्ये, म्हणजे नेपाळच्या कायद्याच्या संहितेत, तिथल्या पंतप्रधान जंगबहादूर राणाने सगळ्या देशाला हिंदू जातींच्या एकाच उतरंडीत बसवलं, त्यात तामांगांना 'भोटे' (तिबेटकडचे) म्हणून 'मासिन्या मतवाली' गटात टाकलं, म्हणजे दारू पिणारे आणि गुलाम करता येतील असे. त्या माणसाला त्याच सत्तेचं, गोरखा राज्याचं नाव चिकटवायचं हे मला पटत नाही.

आता शब्द. गुराखीवरून गुरखा आलेला नाही, पण दोघं सख्खे चुलतभाऊ आहेत आणि हे मला फार आवडतं! गोरखा हे गावाचं नाव, काठमांडूच्या पश्चिमेला डोंगरावर, आणि गावाला नाव मिळालं गोरखनाथावरून, तिथल्या दरबाराच्या, म्हणजे जुन्या राजवाड्याच्या, खाली त्याची गुहा अजून आहे. गोरख म्हणजे गोरक्ष, गो + रक्ष. आपला गुराखी म्हणजे गुरं राखणारा, 'गुरूं' हे संस्कृत गोरूप वरून, आणि राखणे हे रक्ष् वरून. म्हणजे तोच गो आणि तोच रक्ष, एक हिमालयात गेला आणि एक आपल्या माळावर राहिला. आणि माझं तर ठाम मत आहे की मराठीत 'गोरखा'चा 'गुरखा' होऊन पक्का बसला तो नुसता इंग्रजांच्या स्पेलिंगमुळे नाही, आपल्या कानात गुराखी आधीच तयार होता म्हणून. परका वाटावा असा हा शब्दच नाही, ज्ञानेश्वरीच्या शेवटी गुरुपरंपरा वाचा, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, हाच तो गोरक्ष.

तिकडे नेपाळात गंमत बघा, काठमांडूजवळच्या पाटणला दरवर्षी ज्या रातो मच्छिंद्रनाथाचा उंच रथ ओढतात त्याला नेवार लोक (काठमांडू खोऱ्यातले जुने रहिवासी) बुंगद्यः म्हणतात, पुजारी बौद्ध, बौद्धांना तो करुणामय अवलोकितेश्वर, हिंदूंना मत्स्येंद्रनाथ. कथा अशी की गोरखनाथ नागांवर आसन मांडून बसला म्हणून बारा वर्षं पाऊस पडेना, मग त्याच्या गुरूला, मत्स्येंद्रनाथाला, कामरूपातून (आसामातून) आणलं, गुरूला बघून शिष्य उठला आणि पाऊस आला. धर्म तिथे असा एकाच देवात दोन नावांनी राहतो.

आणि जे जाणकार म्हणतात की "गुरखा ही नेपाळातली एक लढवय्यी जात आहे" ते साफ चुकतायत. अशी जात नाहीच! साधूचं नाव गावाला, गावाचं राज्याला, आणि 1768-69 मध्ये पृथ्वीनारायण शाहने काठमांडू खोरं जिंकल्यावर त्या राज्याची सगळी फौज गोरखाली, म्हणजे गोरखाची. त्यात मगर, गुरुंग, खस अशा वेगवेगळ्या समाजांचे सगळे. 1814-16 च्या युद्धापासून इंग्रजांनी मगर-गुरुंग भरती केले, पुढे पूर्व नेपाळातले राई आणि लिंबूही, म्हणजे ज्यांचा मुलूख गोरख्यांनी 1770 च्या दशकात जिंकला तेच पलटणीत 'गुरखा' झाले. शब्दकोशात 'जात' लिहिणाऱ्यांनी एवढं तरी बघायला हवं होतं.

भाषेचंही तेच. आज जिला नेपाळी म्हणतो ती खसांची बोली, खस कुरा, मग पर्बते, मग गोरखाली. 1913 साली स्थापन झालेली समिती 'गोरखा भाषा प्रकाशिनी' होती, 1930 च्या दशकात त्यातलं गोरखा जाऊन 'नेपाली' आलं. पण नेपाल भाषा हे नाव तर आधीपासून नेवारांच्या भाषेचं! त्या भाषेत कविता छापली म्हणून नेवार कवी चित्तधर हृदय यांना 1941 साली तुरुंगात टाकलं, आणि नाव मात्र दुसऱ्या भाषेने घेतलं. 2021 च्या जनगणनेत 124 भाषा नोंदल्यात आणि नेपाळी मातृभाषा असलेले निम्म्याहूनही कमी, साधारण 45 टक्के.

'ने नावाच्या मुनीने पाळला म्हणून नेपाळ' ही व्युत्पत्ती कृपा करून पुढे पाठवू नका. नेपाल आणि नेवार हा एकच शब्द आहे. प चा व होतो, दीपावलीची दिवाळी होते, कपाटाचं कवाड, तापाचा ताव, तसाच. आणि ल चा र कसा झाला म्हणाल तर नेवारी भाषेतच ल आणि र ची अदलाबदल जुनी आहे.